नऊ नंबरची खाट

आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या वॉर्डात खाटांचे नंबर वीसपर्यंत जातात, पण खाटा एकोणीसच. आठनंतर थेट दहा. मध्ये जाड खांब आहे. माझी जागा तळमजल्यावर. दर तासाला एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, प्रत्येक खाटेच्या यंत्राकडून श्वासांचा आकडा आणून यादी करते, ती सांभाळणं माझं काम.

ती अण्णांनी लिहिलेली. ते माझ्या आधीचे प्रोग्रामर, आता निवृत्त. लूपमध्ये लूप, म्हणजे फेऱ्यांच्या आत फेऱ्या, आणि आकड्यांना नावं काय, तर आय, जे, के. वाचताना माझ्या नाकी नऊ यायचे. शेवटी एका सोमवारी सकाळी मी ती नव्याने लिहायला घेतली. आकडे मोजत बसण्यापेक्षा जी यंत्रं उत्तर देतात, त्यांच्यावरूनच लूप फिरवला. 'प्रत्येक खाटेसाठी: श्वास विचार, नोंदव.' कुणालाही वाचून कळावं असं. जुन्या लूपमध्ये एक ओळ होती: 'नऊ आला तर पुढे जा.' आता तिची गरजच नव्हती. काढून टाकली.

अकरा वाजताच्या यादीत वीस ओळी आल्या.

खाट नऊ. श्वास, मिनिटाला अठरा.

वायरिंगची भानगड असणार, म्हणून वर जाऊन पाहिलं. खांबाला ना यंत्र, ना साधा प्लग. बाराच्या यादीत नऊसमोर चौदा होते. एकच्या यादीत अकरा.

अण्णांना फोन लावला.

"अण्णा, स्क्रिप्टमध्ये नऊ नंबरला..."

"ती ओळ काढलीस?"

"हो. कोण आहे तिथे?"

"माहीत नाही गं. मी सात वर्षं डोळ्यांवर कातडं ओढलं. परत घाल."

"घातली तर थांबेल हे?"

"आपल्याला दिसायचं थांबेल."

दोन वाजता आकडा सात झाला. मी पुन्हा वर गेले. हेडसिस्टर समोरच होत्या, पण त्यांना काय सांगणार? खांबाला ऑक्सिजन लावा म्हणून? कुणी बघत नाही असं पाहून खांबावर तळवा टेकवला.

गिलावा कोमट होता.

तीनच्या यादीत तीन.

खाली येऊन मी ओळ परत घातली. शेजारची कारणाची जागा रिकामी ठेवली.

चारच्या यादीत एकोणीस ओळी आल्या.

पाचच्या सुमारास हेडसिस्टरांचा फोन आला.

"अगं, तू मघाशी खांबापाशी उभी होतीस ना? दहा नंबरचे आजोबा तुला बोलावतायत. म्हणतात, शेजारचा माणूस सकाळपासून हाका मारत होता, तिने हात लावल्यावर गप्प का झाला?"