कमळाबाईंचा डबा

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर भिवंडीच्या एसटी स्टँडवर चला. साल धरा दोन हजार सहा. श्रावण सरत आलाय. ऊन असतानाच सर येते, छत्री उघडेपर्यंत निघून जाते आणि छत्री मिटली की पुन्हा येते. दोन लाल गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि त्यांच्याभोवती कामावरून सुटलेल्या माणसांची झुंबड. दिसली? आता त्या गर्दीत एक मुलगी शोधा. जांभळी ओढणी, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिचं नाव मृणाली.

एसटीत जागा धरायची आपली रीत तुम्हाला ठाऊकच असेल. खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, काही नसेल तर पिशवी. ज्याची वस्तू त्याची जागा, मग त्यावर कोणी वाद घालत नाही. मृणाली भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटरवर मालाची नोंद करायची. दिवसभर काम करून थकल्यावर गणेशपुरीपर्यंत उभ्यानं जायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून तिनं टाचा उंचावल्या आणि पिशवी खिडकीतून आत सोडून दिली.

ती पडली एका तरुणाच्या मांडीवर.

त्यानं खाली वाकून पाहिलं. पावसाचे थेंब पापण्यांवर घेऊन एक मुलगी त्याच्याकडे वर बघत होती.

"ती जागा माझी," ती म्हणाली.

"बरं. मग मी कुठं बसू?"

"शेजारी सरका की जरा."

तो हसला आणि सरकला. मृणाली वळसा घालून दारापाशी गेली, आणि तिथं तिला कंडक्टरनं नुकतीच लावलेली पाटी दिसली – वाडा. तिची गाडी ही नव्हतीच. तिची गाडी शेजारची, आणि ती तर हलायला लागली होती. ती सुटली तर पुढची थेट रात्रीची. मृणालीनं खिडकीकडे पाहत हात हलवले, गणेशपुरीची गाडी ती आहे, माझी पिशवी… असं काहीबाही ओरडली आणि धावत जाऊन आपल्या गाडीचा दांडा पकडला. वाड्याची गाडी तिच्या पिशवीसकट पुढं निघून गेली.

पिशवीत तिचा जेवणाचा डबा होता. आणि महिन्याचा पासही होता. तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरनं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "म्हणजे पास दुसऱ्या गाडीनं पाठवलात, आणि तुम्ही हिनं निघालात?" सगळी गाडी हसली. मृणालीनं मुकाट तिकीट काढलं.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. या दोन्ही गाड्या अंबाडी नाक्यापर्यंत एकाच रस्त्यानं जातात. तिथून एक वाड्याकडे सरळ जाते, दुसरी वळून गणेशपुरीकडे. मृणालीची गाडी नाक्यावर थांबली, आणि तिनं सहज बाहेर पाहिलं, तर चहाच्या टपरीच्या छपराखाली तो उभा. केस ओले. पिशवी छातीशी धरलेली, जणू लहान मूल.

"तुमची जागा इथपर्यंत सांभाळली," पिशवी खिडकीतून देत तो म्हणाला. "कोणाला बसू दिलं नाही."

त्याची गाडी त्याला सोडून कधीच गेली होती. पुढची यायला वेळ होता. मृणालीला एकदम वाईट वाटलं. दुपारी कामाच्या घाईत तिला जेवायला झालं नव्हतं, डबा तसाच भरलेला होता. तिनं तो काढून त्याच्या हातात दिला. तांदळाची भाकरी आहे, तिळाची चटणी आहे, खाऊन घ्या, असं भराभर सांगितलं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलता हलता ती म्हणाली, "डबा उद्या द्या…" आणि मग जीभ चावली. उद्या? हे कोणी ठरवलं?

त्याचं नाव मनोज. भिवंडीत विजेच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्या एका दुकानात तो नोकरीला होता. त्या वर्षांत दिवसाचे कितीतरी तास वीज जायची, आली की लुमांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, मोटारी धडाधड जळायच्या. मालक म्हणायचा, वीज कंपनीला हार घाला. मनोजच्या बोटांना सदा तांब्याच्या तारेचे चरे आणि वार्निशचा वास.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तो डबा घेऊन आला, पण भलताच. तिचा डबा त्यानं आदल्या रात्री दुकानाच्या सामानाच्या पिशवीत ठेवला होता आणि त्यात वार्निश सांडलं होतं. ते निघेपर्यंत हा ठेवा, असं त्याच्या आईनं सांगितलं होतं. दुसऱ्याचा डबा नासवलास तो नासवलास, वर रिकाम्या हातानं जाशील? असं म्हणून तिनं आपल्या डब्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या घालून दिल्या होत्या. डब्याच्या झाकणावर टोच्यानं नाव कोरलेलं होतं, जसं आपल्या घरच्या भांड्यांवर असतं – सौ. कमळा चिंधू.

आता तुम्हीच सांगा, रिकामा डबा मृणाली तरी कसा परत देणार? तिनं त्यात आईनं केलेले घावन घातले. तो परत आला शिराळ्याची भाजी घेऊन. ती गेली काकडीचे गोड पोळे घेऊन. श्रावण संपला, गणपती आले आणि गेले, आणि कमळाबाईंचा डबा भिवंडीच्या स्टँडवर हात बदलत राहिला.

"वार्निश अजून निघालं नाही?" ती विचारायची.

"फार चिवट आहे."

"रॉकेल लावून बघा की."

"रॉकेल…" तो विचारात पडल्यासारखा करायचा. "अच्छा, रॉकेल का."

मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसायचे, वाऱ्यावर हलणाऱ्या भाताकडे, आणि ओठ आवळून हसायचे. हो, मनोज आता अंबाडीपर्यंत गणेशपुरीच्याच गाडीनं यायचा. खिडकीतून पिशवी टाकायचं काम त्याच्याकडे होतं.

घरी मृणालीची आई पार्वती होती आणि धाकटी बहीण रीमा. रीमा मृणालीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, दुसरीत शिकणारी. वडील वारल्यापासून पार्वती देवळाजवळ फुलं विकायची. पण घर उभं होतं ते मृणालीच्या पगारावर. पगार घरी पोचायच्या आधीच त्याला वाटा फुटलेल्या असायच्या. वाण्याचं सामान, रीमाची शाळा, पास, घरावरचे पत्रे, आणि उरेल ते पोस्टात. संध्याकाळी घरी आली की पाणी भरायचं, रीमाचा अभ्यास घ्यायचा. रीमाला वाचायचा कंटाळा, म्हणून मृणालीनं तिला फळीवरच्या भांड्यांवरची नावं वाचायला शिकवली होती. तुम्हीही करून बघा, छान जमतं.

तर एके संध्याकाळी रीमानं नवा डबा उचलला आणि बोट ठेवून वाचायला लागली. "क… म… ळा. कमळा. आये, ही कमळा कोण?"

गोदामातली एक बाई आहे, असं मृणालीनं आधीच सांगून ठेवलं होतं. आताही तेच म्हणाली, पण चुलीकडे तोंड करून. पार्वती फुलांचा हार ओवत होती. तिचा हात थांबला. तिनं लेकीची लाल झालेली कानशिलं पाहिली.

"या कमळेला पोरगा हाय काय?" तिनं विचारलं.

मृणालीनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पार्वती पुन्हा ओवायला लागली, पण गालातल्या गालात हसत. रीमा मात्र हसली नाही. ती डबा मांडीवर घेऊन एकदा आईकडे, एकदा ताईकडे बघत राहिली.

दसरा झाल्यावर मनोजनं विचारलं. स्टँडवर वीज गेली होती, शेंगदाणेवाल्यानं नुकतीच कंदिलाची काच पुसली होती. त्यानं आधी एक गुन्हा कबूल केला. वार्निश पहिल्याच दिवशी निघालं होतं, रॉकेलनंच. मग म्हणाला, "तो डबा मला आयुष्यभर परत द्यायचा नाहीये. म्हणजे… कळतंय ना, मी काय म्हणतोय?"

तिला कळलं होतं. तिचं काळीज गाडीच्या इंजिनासारखं धडधडत होतं. तरी ती म्हणाली, "मी लग्न केलं, तर माझा पगार कुठल्या घरचा? आईच्या टोपलीवर घर चालत नाही, मनोज. आणि रीमा अजून दुसरीत आहे. तिकडचं घर रिकामं करून मी तुझ्या घरी सुखानं जेवीन?"

मनोज तारेचे चरे असलेली आपली बोटं बघत राहिला. गाडी लागली, दोघं चढली, आणि अंबाडी येईपर्यंत एक शब्द नाही. उतरताना त्यानं फक्त तिच्याकडे वळून पाहिलं.

मिळालं उत्तर, मृणालीच्या मनात आलं.

तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं भाजणीचे वडे तळले आणि कमळाबाईंचा डबा घ्यायला फळीकडे हात नेला. डबा नव्हता. फळीवर नाही, मोरीत नाही, परसात नाही. रीमाला विचारलं तर तिनं नुसते खांदे उडवले. आता कुठल्या तोंडानं स्टँडवर जायचं? भरलेला नाही, रिकामाही नाही, डबाच नाही. दुसऱ्याच्या आईचं नाव कोरलेली वस्तू हरवून बसलो आपण… मृणालीनं गोदामात साहेबांना गयावया करून थोडं लवकर सुटायची सवलत घेतली आणि आधीच्या गाडीनं जायला लागली. तिकडे मनोज रोज खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा, आणि ती जागा अंबाडीपर्यंत रिकामी जायची. डबा परत आला नाही, याचा अर्थ त्यानंही लावलाच.

रविवार आला. पार्वती दारात फुलं निवडत होती, मृणाली कपडे पिळत होती. आणि फाटकाशी दोन माणसं उभी राहिली. मनोज, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि त्याच्यामागे हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई. मनोजच्या हातात मृणालीचा डबा, आरशासारखा घासलेला.

"पोरगं चार दिस जेवलं न्हाय धड," ती बाई पार्वतीला म्हणाली. "मना बोललं, तिचा डबा तरी देऊन येऊ. मी बोलले, मी बी येते. त्या घावनांची चव कुणाच्या हाताची, ते तरी बघू."

पार्वतीनं तिला आत बोलावून चटई टाकली. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या, पण तुझ्या शिराळ्यात मीठ बेतानं असतं नि तुझ्या पोळ्यांत गूळ जरा जास्त, असं बोलायला त्यांना वेळ लागला नाही.

मनोज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मृणालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. डबा हरवला, एवढंच हळू आवाजात म्हणाली.

"म्हणून आली नाहीस?" त्यानं विचारलं. "मला वाटलं…"

"तू गप्प बसलास. मला वाटलं…"

"मी हिशेब करत होतो," तो म्हणाला. "मला पटकन येत नाही, तुला माहितेय. दिवाळीनंतर अंबाडी नाक्यावर माझं दुकान टाकतोय. शेतावरच्या पंपांच्या मोटारी खूप आहेत त्या भागात. मागं एक खोली आहे. तुझी गाडी तिथूनच जाते. नोकरी तुझी, पगार तुझा. त्याच्या वाटा तू पाडल्यास तशाच राहतील, इथल्या इथंच. आपलं घर माझ्या कमाईवर चालेल. कसं चालवायचं, तेवढं मात्र शिकव." मग तो थांबला आणि कोपऱ्यातल्या आईकडे पाहून हसला. "आईनं मला साधा डबा कधी रिकामा परत देऊ दिला नाही. मग या घरातून माणूस घेऊन जायचं, आणि घर रिकामं ठेवायचं? ती मला घरात घेईल का?"

मृणालीनं हातातला ओला कपडा पिळायला घेतला. तो आधीच पिळलेला होता. "घेईल," ती म्हणाली, आणि मग पहिल्यांदा वर पाहिलं. "मीही येते, म्हणजे नक्की घेईल."

दोन्ही आयांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. पण दाराआड उभ्या असलेल्या एकीनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली आणि मनोजसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई न्यायची, आणि परत कधी आणायची?"

"दर रविवारी," मनोज म्हणाला. "आणि भरलेल्या डब्यासकट."

रीमानं जरा वेळ त्याला न्याहाळलं. मग ती आत तांदळाच्या पिंपाकडे गेली, खांद्यापर्यंत हात घातला आणि कमळाबाईंचा डबा बाहेर काढला. झाकणावर तांदळाचे दाणे चिकटलेले. मृणाली आ वासून बघत राहिली, आणि मग तिला सगळं कळलं. डबाच गेला नाही, तर ताई कशी जाईल?

कोणी तिला रागावलं नाही. रीमानं आईच्या टोपलीतले सोनचाफे ओंजळीनं उचलून डबा काठोकाठ भरला आणि कमळाबाईंच्या हातात दिला.

"आणि झाकण गं, बाय?" कमळाबाईंनी विचारलं.

रीमानं झाकण पाठीमागे धरलं होतं. तिनं मान हलवली. मग ती पुन्हा पिंपाकडे गेली, झाकण तांदळात खोल पुरलं, वरून हातानं तांदूळ नीट सपाट केले आणि म्हणाली, "हे न्यायला ताईला यावं लागंल."

आणि पिंपाचं तोंड बंद करून ती त्याच्यावर चढून बसली.