तिन्ही विहिरी खारट

"तीन दिशांना तीन उपनगरं, आणि पाणी तिन्हीकडे खारट! समुद्र काय आमच्या पाठी लागलाय?"

नर्सबाई दारातून शिरल्या त्या असं म्हणतच. बाकावर गाल धरून बसलेले पेशंट आपलं दुखणं विसरून कान टवकारू लागले. दवाखाना दादाचा, दातांचा. आणि त्याच्याच बाहेरच्या खोलीत त्याच्या धाकट्या बहिणीचं डिटेक्टिव्हचं टेबल. तिला सगळे घार म्हणत. नजरच तशी होती! दादा बिचारा दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचा, पण त्यांच्या पोटात काय आहे ते त्याला कधी म्हणून कळायचं नाही.

"बसा. पहिल्यापासून सांगा," घार म्हणाली.

बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा त्याआधीच, जन्मभर सिटी बस चालवलेला. शहराजवळ तुकडाभर जमीन घ्यायची, छोटंसं घर बांधायचं आणि मातीत हात घालायचे, हे बाईंचं पहिल्या पगारापासूनचं स्वप्न.

"एजंट जागा दाखवतो, मुलगा गाडी चालवतो. ह्यांनी तर स्टिअरिंगला हात लावायचंच सोडलंय. म्हणतात, जन्मभर हाकली, आता मी प्रवासी. तिथे गेलं की हेच पाणी शेंदतात आणि घरून नेलेल्या पेल्यातून सगळ्यांना देतात. घोट घेतला की थू! शेजारच्या विहिरी मात्र गोड. कोणीतरी आमच्या आधी जाऊन मीठ टाकतंय हो!"

"एकही गोड निघाली नाही?"

"ह्या तिन्हींच्या आधी पाहिलेली एक. बसच्या शेवटच्या थांब्यापाशी. पण फाटकासमोरच बसेस वळतात, दिवसभर घरघर! मीच नको म्हटलं. त्या दिवशी विहिरीवर बसून मीठ लावून काकड्या तरी खाल्ल्या. नंतर तेही सुख नाही. मिठाची पुडी आठवणीने पिशवीत टाकते आणि तिथे गेलं की सापडत नाही. वय झालं, दुसरं काय!"

"आता घाई कसली आहे?"

"तिसरी जागा माझ्या मनात भरलीये. रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. नाही म्हटलं, तर मुलाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट. तिथे भोपळा काय खिडकीच्या गजावर चढवू?"

पेशंटसुद्धा हळहळले.

शनिवारी दवाखान्याला कुलूप लावून भावंडं त्या तिसऱ्या जागेवर पोचली. बाई, त्यांचा नवरा, मुलगा आणि एजंट आधीच आले होते. जागा खरंच देखणी होती. काळीभोर माती, कोपऱ्यात विहीर, आणि चहूकडे अशी शांतता की एजंटाचं हसूही ऐकू यावं.

घारीने आधी त्यालाच बाजूला घेतलं. "पाणी खारट निघाल्यात तुमचा काय फायदा?"

"फायदा? ताई, माझं पेट्रोलसुद्धा सुटेना!"

मग मुलगा. "ते माझ्याजवळ राहावेत असं मला वाटतं, कबूल. पण चोरून कशाला करू? तोंडावर भांडतोच की मी."

"भांडतो, भांडतो!" लांबून आईने दुजोरा दिला.

"मुलगाच," दादा कुजबुजला. "कारण आहे, गाडी आहे, घरात मीठ आहे."

"मीठ तुझ्याही घरात आहे, दादा."

विहिरीच्या काठाशी ड्रायव्हरकाका रहाट ओढत होते. दूर कुठेतरी एक इंजिन गुरगुरलं. काकांनी मान वाकडी केली. "बस. दुसरा गिअर अडकतोय बिचारीचा."

"इकडे बस येते?"

"छे! ती हायवेवरून गेली. इथे बस औषधालासुद्धा मिळायची नाही."

"काका, झेला!" घारीने बाईंच्या पिशवीतली एक काकडी कडेने हलकेच फेकली. ती काकांच्या खांद्यावर आपटून खाली गडगडली. "हात ओले आहेत गं," ते हसले.

त्यांनी पाठमोरं होऊन पेला भरला आणि दादाला दिला. घारीने बादलीच्या पाण्याने हात धुतले, ओंजळ तोंडाला लावली आणि ओठ पुसले.

"थू! हे तर गुळण्यांचं पाणी!" दादा ओरडला.

"विहिरीचं नव्हे, दादा. पेल्याचं." घार कठड्यावर टेकली. "विहीर खारट करायला पोती ओतावी लागतील. पेल्याला चिमूटभर पुरतं. मी बादलीतलं प्यायले. गोड आहे."

सगळे पेल्याकडे बघू लागले. बाई हळूहळू नवऱ्याकडे.

"काका, तुम्ही सांगता की मी?"

काकांनी रहाटाचा दोर बोटाला गुंडाळला.

"पेला काकांच्या हातात," घार हळू आवाजात म्हणाली. "पुडी तिथेच हरवते जिथे पाणी खारट निघतं. गोड पाणी एकाच जागी, जिथे फाटकासमोर बस आहे. म्हणजे काकांना जमीन हवीये. बस नसलेली जमीन नकोय. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला बस का लागावी? काकडी कडेने आली, ती दिसलीच नाही. पण बस कानांनी ओळखली."

"काचबिंदू," काका म्हणाले. "समोरचं दिसतं, कडेचं गेलं." मग फक्त बायकोला, "तुला म्हटलं होतं ना, निवृत्त झालो की गाडीतून फिरवीन? एवढ्या लोकांना घरी पोचवलं मी. तुलाच कसं सांगू, की तुला आता कुठे नेता येणार नाही? इथे तू अडकून पडली असतीस गं."

"जन्मभर लोकांच्या डोळ्यांत औषध घातलं मी! आणि तुमच्या डोळ्यांत कोण घालतं?"

"मीच. निम्मं गालावर जातं."

"अगंबाई! माझ्या निरोप समारंभात गाल ओले होते ते..."

"ते औषध नव्हतं," काका म्हणाले.

बाईंनी पदराने आपलेच डोळे टिपले आणि एजंटाकडे वळल्या. "शेवटच्या थांब्याची जागा गेली का हो?"

"आहे की! पण ती घरघर..."

"घरघर ऐकूनच तर रोज कळायचं, हे घरी आले म्हणून." मग नवऱ्याला, "तिकीट मी काढणार. खिडकीही माझी. तुम्ही नुसतं ऐकून सांगायचं, कुठला गिअर अडकतोय ते. आणि उद्यापासून औषध माझ्या हातून."

दादाने खाली पडलेली काकडी धुऊन मोडली. "सगळं कळलं," तो म्हणाला, "पण मीठ आहे का कोणाकडे?"

काकांनी खिशातून पुडी काढली आणि मुकाट्याने बायकोच्या हातावर ठेवली.