खिडकीतली सारा

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संग्रहालयात मी एका चिमुकल्या छापचित्रावर वाकले, तेवढ्यात पलीकडून आणखी कुणीतरी वाकलं आणि आमची डोकी आपटली. माझ्या तोंडून "आई गं" निघालं, तसा तो हसला. "मराठी?"

सारंग. पुण्याचाच, आयटीतला.

चित्र सतराव्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. बायबलातला प्रसंग... अब्राहाम दासी हागारला, तिला त्याच्यापासून झालेल्या मुलासकट, घराबाहेर काढतोय आणि त्याची बायको सारा खिडकीतून बघतेय, चक्क हसत. मला हागारची दया आली. त्याला साराची.

"जिंकली, तरी खिडकी सोडवत नाहीये तिला," तो हळूच म्हणाला... आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

मग दर रविवारी आम्ही नदीकाठाने सायकलवर भटकू लागलो. इथल्या कंपनीतला माझा करार संपत आला होता. मुदत वाढवू की परत जाऊ? 'राहा' असं त्यानं म्हणावं, म्हणून मी थांबले होते. आणि तो बोलायचा मार्लूसबद्दल. ती त्याला छापचित्रं शिकवायची. मार्लूस म्हणते शाई अशी पुसायची, मार्लूस म्हणते माझा हात हलका आहे... ऐकून मी सायकल जोरात पुढे काढायचे.

एका शनिवारी न सांगता तिच्या कार्यशाळेत गेले. दोघं मिळून छापयंत्राचं चाक फिरवत होते. त्याच्या हातावर तिचा हात होता, तिचे सोनेरी केस त्याच्या खांद्यावर.

मी पुण्याला परत चाललेय, एवढंच सांगितलं आणि वळले.

तो तसाच पावसात धावत आला.

"कधी ठरवलंस, मृण्मयी?"

"आत्ता."

"का पण?"

आईची तब्येत, इथली थंडी — बऱ्याच थापा सुचल्या. पण बाहेर पडलं ते खरंच. "तिचा हात तुझ्या हातावर होता... मला बघवलं नाही."

तो अडखळत म्हणाला, "राहा ना. कधीचं म्हणायचं होतं... पण तुझं काम, तुझा निर्णय. मी मध्ये कसा पडू?"

"पड मध्ये," मी म्हणाले.

तो पुढे झाला आणि थबकला. हात मनगटापर्यंत शाईनं काळे. माझा कोट नवाकोरा, सायीच्या रंगाचा. मीच ते दोन्ही हात ओढून घेतले.

सोमवारी मॅनेजरला सांगून टाकलं, मी राहतेय.

मार्लूस चांगली आहे हो. तरी तिचं नाव निघालं की मी अजून जळते... थोडीशी.