बुधवारची जोडी

कॅथरिनने डब्यातून चिठ्ठी उचलली, उघडली आणि तिच्या कपाळावर आठी चढली. फेबियन! अख्ख्या कॉलेजात हाच मिळायचा होता?

सन चौऱ्याऐंशीचा जानेवारी. वसईत थंडी होती. परीक्षेच्या धसक्याने मुलं खचतात म्हणून मानसशास्त्राच्या चंद्रकांता मॅडमनी ‘ऐकू या’ नावाचं मंडळ काढलं होतं. ज्याला मन मोकळं करायचंय त्याच्या नावाची चिठ्ठी ऐकणाऱ्याने उचलायची. मग दर बुधवारी अर्धा तास एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. नियम तीनच. मधे तोंड घालायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि जोडीत प्रेमबिम चालणार नाही. तिसऱ्या नियमाला सगळे खो-खो हसले. कॅथरिन हसली नाही. तिला नियम आवडायचे.

पण हा फेबियन बोलायचा तरी काय? पहिल्या बुधवारी लायब्ररीमागच्या जांभळीखाली बसून त्याने वाडीतल्या बिघडलेल्या पंपाची कहाणी सांगितली. दुसऱ्या बुधवारी बॅप्टिस्टकाकांचं डुक्कर केळीत शिरलं त्याची. तिसऱ्या बुधवारी सुक्या पानात बांधलेली सुकेळी, घरची वाळवलेली केळी, पुढे करून म्हणाला, “खा. तोंड बंद ठेवायला बरी.”

कॅथरिनने दातओठ खाल्ले. सुकेळीही खाल्ली... मेली गोड होती!

खरं काय ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. गेल्या एप्रिलमध्ये, शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच पेपराला, फेबियन प्रश्नपत्रिका हातात घेऊन उठला आणि हॉलबाहेर निघून गेला. पुन्हा आलाच नाही. आता या शनिवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख. नाही भरला, तर हेही वर्ष फुकट. आणि हा पठ्ठ्या डुकरावर बोलत होता!

चौथ्या बुधवारी तो हसत म्हणाला, “आमची तांबडी कोंबडी आहे ना —”

“पुरे!” कॅथरिन ताडकन उठली. पहिला नियम गेला. “महिनाभर तुझा पंप, तुझं डुक्कर, आता कोंबडी! शनिवार तोंडावर आलाय. जा, फॉर्म भर!” दुसराही गेला.

फेबियनचं हसू मावळलं. तिला स्वतःचाच राग आला. ती मटकन खाली बसली.

“मी काय मोठी शहाणी नाही रे... आई गेल्यापासून मी वर्गात नुसती बसते. लिहून घेते, पण डोक्यात काही शिरत नाही. पप्पांना सांगवत नाही. इथे ऐकायला आले, ते स्वतःचं बोलावं लागू नये म्हणून.”

ती रडत राहिली. तो ऐकत राहिला, इकडेतिकडे न बघता. तिचं रडून झाल्यावर हळूच म्हणाला —

“त्या दिवशी मला अक्षरंच दिसेनात. हात असे थरथरत होते... वाटलं, इथेच मरतो की काय. घरी सांगितलं, पोटात दुखलं. पुन्हा तसंच झालं तर?”

कॅथरिनच्या जिभेवर सल्ला आला होता. तिने तो गिळला आणि नुसता हात पुढे केला. फेबियनने तो बराच वेळ धरून ठेवला.

शुक्रवारी त्याने फॉर्म भरला. ती रांगेत त्याच्या शेजारी उभी होती.

आणि सोमवारी मॅडम म्हणाल्या, “कॅथरिन, फेबियनने जोडी बदलून मागितलीय.”

आधी तिला खरंच वाटेना. मग संताप. ती तडक सायकल स्टँडवर गेली.

“मी ओरडले म्हणून? की रडले म्हणून?”

“मंडळातला सेबॅस्टियन ऐकेल आता माझं,” तो सायकलची घंटी उगाच पुसत म्हणाला. “दोन नियम तू मोडलेस. तिसरा... मी मोडला. दुसऱ्या बुधवारीच. मॅडमशी खोटं कसं बोलू?”

कॅथरिनचे कान तापले. “गाढवा! मग मला सांगायचं सोडून डुक्कर काय सांगत बसलास?”

“तुला बोलायची बंदी होती ना. हो की नाही, मला कळणार कसं?”

तिला हसूही आलं, रडूही.

“सेबॅस्टियनला खरं खरं सांग. पेपराचं, थरथरीचं, सगळं.”

“आणि कोंबडीचं?”

“ते मला. रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर,” कॅथरिन म्हणाली. “आणि मी मधे बोलणार.”