तीनशे चारचा शॉवर

पहिल्याच भेटीत त्याने तिला नखशिखांत भिजवलं.

ती प्रयोगशाळेतून पाण्याचा नमुना घ्यायला आली होती. हॉटेलच्या तीनशे चार नंबरच्या बाथरूममध्ये लिटरची बाटली हातात धरून तिने शॉवरचा नळ सोडला, तर थेंब नाही. म्हणून मान वर करून, एक डोळा मिटून, तिने शॉवरच्या भोकांत पाहिलं... आणि नेमक्या त्याच क्षणी तळघरात कुणीतरी मुख्य व्हॉल्व्ह उघडला.

तो कुणीतरी तीन मजले धावत वर आला. हा हॉटेलचा बॉयलर सांभाळायचा. मालकीणबाईंचा भाचा.

"आलं का पाणी?"

"आलं."

"नीट आलं?"

"तुम्हाला काय वाटतं?" केसांतून पाणी निथळत असताना तिने विचारलं.

टॉवेल अजून आलेले नव्हते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जे हाताला लागलं ते पुढे केलं. पायपुसणं होतं.

"कोरं आहे हो... पॅकिंगसुद्धा फोडलेलं नाही."

तिने ते घेतलं आणि चेहरा पुसला. प्रेमाची सुरुवात इथे धरायची की नाही, यावर दोघांचं पुढे कधी एकमत झालं नाही.

"आता उद्या यावं लागणार," ती म्हणाली. "रात्रभर पाइपात साचलेलं पहिलं पाणी बाटलीत जायला हवं होतं. ते माझ्या कानात गेलं."

लिजिओनेला नावाचा जंतू असतो. त्याला कोमट, साचलेलं पाणी आवडतं आणि शॉवरच्या तुषारांवर बसून माणसाच्या फुफ्फुसात शिरायला त्याहून आवडतं. दुरुस्तीसाठी चार महिने बंद असलेलं हॉटेल म्हणजे त्याचं माहेरच. जंतू नाही असा कागद मिळाल्याशिवाय हॉटेल उघडायला परवानगी नव्हती. पूर्वी या तपासणीला दहा दिवस लागायचे. जंतू बशीत वाढवायचे आणि वाट बघत बसायचं. आता प्रयोगशाळेत नवीन मशीन आलं होतं. सकाळी नमुना द्या, दुपारनंतर उत्तर घ्या. त्याच भरवशावर मालकीण आत्याबाईंनी शनिवारी सत्तावीस दंतवैद्यांचं संमेलन घेऊन ठेवलं होतं.

आज मंगळवार होता.

बुधवारी ती आली, तर तीनशे चारचा शॉवर आरशासारखा लखलखत होता आणि बाथरूममध्ये ब्लीचचा असा भपकारा, की तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अहो, रडताय का?"

"हे तुम्ही धुतलंत?"

"तुम्ही येणार म्हटल्यावर... आवरलं थोडं."

"नमुना घ्यायच्या आधी धुवायचं नसतं! आहे तसं बघायचं असतं. जाऊ दे, दुसरी खोली दाखवा."

त्याचे कान लाल झाले.

"किती खोल्या धुतल्यात?"

"आहेत तेवढ्या. बावीस."

तिने बाटलीचं झाकण परत लावलं. हसू आवरायला ती खिडकीकडे वळली, पण खिडकीही त्याने पुसून ठेवली होती. त्यात सगळं दिसलं.

"म्हणजे उद्या परत यावं लागणार?"

"लागणार."

"अरेरे," तो म्हणाला. इतका आनंदी 'अरेरे' तिने जन्मात ऐकला नव्हता.

गुरुवारी मात्र त्याने कशालाही हात लावला नाही. दोन्ही हात मागे बांधून तो दारात उभा राहिला आणि नमुना नीट मिळाला. दुपारी मशीनने सांगितलं: आहे. भरपूर आहे.

आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "चार महिने गप्प बसले मेले, आणि आता पाहुणे यायच्या वेळेला उगवले! अरे दिवट्या, बॉयलर तुझा ना? कर काहीतरी!"

करायचं होतं ते सरळ होतं. बॉयलर तापवायचा, प्रत्येक शॉवरमधून सत्तर अंशांचं पाणी पाच मिनिटं सोडायचं. तुषार उडू नयेत म्हणून शॉवरला प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि तिचा कोपरा कापायचा. शुक्रवारी उजाडताच दोघं कामाला लागले. तो पिशवी धरायचा, ती थर्मामीटर. तोंडाला मास्क. दिसायचे ते फक्त डोळे, आणि बघायला दुसरं काही नव्हतंच.

"सत्तर झालं?"

"अडुसष्ट."

"थांबू या मग."

"थांबायलाच हवं... एवढे जवळ उभे राहू नका, भाजेल."

"तुम्ही उभ्या आहात की."

"माझी नोकरी आहे ती."

"माझं तर हॉटेल आहे."

"आत्याचं आहे."

"तेच ते. तुमचे डोळे एवढे लाल का?"

"परवाचं ब्लीच," ती म्हणाली.

अशा वीस खोल्या झाल्या. जे बोलायचं ते विसाव्या खोलीपर्यंत कुणी बोललं नाही, एकविसाव्यातही नाही. बाविसाव्या खोलीत त्याने श्वास घेतला, "मला तुम्हाला एक..." असं म्हटलं, आणि पिशवीची गाठ सुटली. दोघं दोन दिशांना पळाले. वाक्य बाथरूममध्येच राहिलं.

पाइप निवल्यावर तिने नवा नमुना घेतला. मशीन मेलेले जंतूसुद्धा मोजतं, म्हणून नमुन्यात आधी एक द्रव मिसळला. मग जिवंत असतील तेवढेच दिसतात. संध्याकाळी उत्तर आलं. एकही नाही.

रिपोर्ट न्यायला तो स्वतः प्रयोगशाळेच्या काउंटरवर हजर. ती सही करायला बसली आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. 'नमुना घेणाऱ्याचे ग्राहकाशी किंवा त्याच्या कुटुंबाशी नाते आहे काय?' रोज ती इथे डोळे मिटून 'नाही' लिहायची.

"काय झालं?"

तिने कागद फिरवून त्याच्यासमोर ठेवला. "इथे 'हो' लिहिलं तर रिपोर्ट रद्द. उद्या सकाळी दुसरं कुणीतरी येऊन परत नमुना घेणार. तुमचे दंतवैद्य कधी येतायत?"

"उद्या सकाळी दहाला."

"मग 'नाही' लिहू?"

त्याने रकाना वाचला. परत वाचला.

"आत्या मला फाडून खाईल," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे 'नाही'?"

"म्हणजे... खाऊ दे."

तिने 'हो' लिहिलं. खाली 'नात्याचा प्रकार' असा आणखी एक रकाना होता. थोडा विचार करून तिने लिहिलं: प्रगतीपथावर.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला आणि रिपोर्टवर 'रद्द' असा शिक्का मारला. अभिनंदनाचा शिक्का त्यांच्याकडे नव्हता.

शनिवारी सकाळी तिच्या टकलू सहकाऱ्याने नमुने घेतले. ती मुद्दाम लांब, खालच्या दिवाणखान्यात बसून राहिली. दहाला दंतवैद्य आले. अकराला कुरकुरायला लागले. दोन वाजता सत्तावीस माणसं आपापल्या बॅगांवर बसून आत्याबाईंकडे दात दाखवत बघत होती, आणि ते हसू नव्हतं.

"अहो, खोल्या तयार आहेत तर देत का नाही?" त्यांच्यातल्या एकाने आवाज चढवला.

आत्याबाईंनी कालपासून भाच्याशी अबोला धरला होता, पण गिऱ्हाइकाशी कसा धरणार? त्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर चढल्या.

"पाणी चांगलं आहे हो! कालच नक्की झालं होतं. पण तपासणारी मुलगी आमची होणारी भाचसून निघाली. घरच्या माणसाचा दाखला चालत नाही म्हणतात. ती बघा, तिथे बसलीय."

सत्तावीस माना वळल्या. ती लाल झाली. जिन्यापाशी उभा असलेला तो बॉयलरच्या काजळीत आधीच काळा होता, त्यामुळे त्याचं काय झालं ते कळलं नाही.

"आत्या... मी अजून तिला विचारलेलं नाही गं."

"काय?" आत्याबाई किंचाळल्या. "न विचारताच माझं हॉटेल बंद ठेवलंस?"

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"मग विचारा की," ती म्हणाली. "उत्तर यायला अजून वीस मिनिटं आहेत."

"मशीनचं?"

"मशीनचं. माझं लगेच मिळेल."