चिंचगोळीचे अभिप्राय

पाचगणीच्या पठाराखाली, खडकाच्या पोटात, वाङ्मय-पुनर्घटन केंद्राची प्रयोगशाळा होती. जागा निवडली ती यंत्राच्या तब्येतीसाठी. यंत्र भारी तापट. विचाराला बसलं की इतकं तापायचं, की पहिल्या वर्षी वर पठारावरची घोडी म्हणे एका जागी उभी राहायची नाहीत, खूर भाजायचे. हे घोडेवाले सांगत. घोडेवाले बरंच काही सांगतात. पण यंत्राबद्दल आतली माणसं जे सांगत ते याहून अचाट होतं, आणि खरं होतं.

यंत्राचं नाव वाक्‌चाळणी. कुणाही माणसाचं लिखाण त्यात घालावं आणि यंत्रानं त्यातून त्या माणसाचं मन गाळून काढावं. एकदा गंमत म्हणून कुणीतरी केंद्रातल्याच एका कारकुनाचा रजेचा अर्ज घातला. यंत्र म्हणालं, आजी वारलेली नाही, अर्जदार लग्नाला चालला आहे, आणि लग्नालाही त्याला मनापासून जायचं नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तेव्हापासून केंद्रात रजा तोंडी मागायची पद्धत पडली.

हे यंत्र बांधलं डॉ. हेरंब तासगावकर यांनी. वय सदुसष्ट, घरी एकटे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. त्यांच्या हाताखाली भाषातज्ज्ञ नजमा मुजावर. वाईच्या, पन्नाशीच्या, आणि हाताखाली म्हणायचं ते फक्त कागदावर.

त्या वर्षी काम आलं होतं ते सुलभा देवरुखकरांचं. समुद्राच्या तळाशी वसलेल्या ‘अथांगपूर’ नगरीच्या गोष्टी लिहून बाईंनी दोन पिढ्यांची झोप उडवली होती. चौदा भाग झाले आणि पंधराव्याच्या मध्यावर बाई गेल्या. नगरीची कप्तान यमू फुटक्या पाणबुडीत अडकलेली, ती तशीच राहिली. प्रकाशकांचं म्हणणं असं, की वाक्‌चाळणीनं बाईंचं मन उभं करावं आणि पंधरावा भाग पुरा करावा.

अडचण एकच होती. वाट पाहून कंटाळलेल्या वाचकांनी यमूच्या स्वतःच गोष्टी लिहायला घेतल्या होत्या. अशा गोष्टींना ते अनुकथा म्हणत. ‘अनुकथा-अंगण’ नावाच्या संकेतस्थळावर चाळीस हजार अनुकथा जमल्या होत्या. संकेतस्थळ बंद पडलं तेव्हा त्याचा सगळा साठा केंद्राकडे आला होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. करारात अट होती, की बाईंचं सोडून बाकीचं सगळं पुसून टाकावं.

“पुसायचं कशाला?” नजमाबाईंनी विचारलं. “बाजूला ठेवू. पात्रं तीच असली म्हणून यंत्र काही गोंधळत नाही.”

“गोंधळत नाहीच,” डॉक्टर म्हणाले. “पात्र उसनं घेता येतं, बाई, अख्खी नगरी उसनी घेता येते. पण वाक्य कुठे थांबवायचं, कशाकडे पुन्हा पुन्हा वळायचं, कशाला घाबरून विषय बदलायचा, हे उसनं मिळत नाही. तेच मी मोजतो. त्यालाच मनमुद्रा म्हणतो.”

“म्हणजे अनुकथेतही लिहिणाऱ्याची मनमुद्रा असणार.”

“असणार. पण ती हवीय कुणाला?”

“चाळीस हजार गोष्टी आहेत, डॉक्टर. एखादी वाचून तरी पाहा.”

“ज्यांना स्वतःचं सुचत नाही ते दुसऱ्याच्या घरात जाऊन संसार मांडतात. त्यात वाचायचं काय?”

“आणि मग आपलं यंत्र पंधराव्या भागात काय करणार आहे? मेलेल्या बाईच्या पात्रांवर अनुकथाच ना? फक्त सरकारी शिक्क्यानिशी.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. नजमाबाई बरोबर बोलल्या की ते चष्मा पुसत. “माझं यंत्र थाप मारत नाही,” ते म्हणाले. “मी मौनमर्यादा घातली आहे. मूळ माणसाच्या लिखाणात पुरावा असेल तेवढंच ते बोलतं. पुरावा संपला की गप्प. हा फरक आहे.”

मंगळवारी सकाळी त्यांनी चाळीस हजार अनुकथांपुढे ‘गाळ’ असं लिहून सही केली. पुसायला चार मिनिटं लागली. गोष्टींखाली वाचकांनी लिहिलेले अभिप्राय तेवढे बचावले, कारण वाचकांना काय आवडतं याचा अभ्यास करायला ते निराळ्या ठिकाणी ठेवले होते.

गुरुवारी तो अभ्यास सुरू झाला आणि यंत्रानं एक ओळ दाखवली. ‘चिंचगोळी’ या टोपणनावानं लिहिलेल्या नऊ हजार अभिप्रायांची मनमुद्रा ‘नमुना क्रमांक तीन’शी जुळते.

नजमाबाईंनी विचारलं, “नमुना तीन कुणाचा?”

यंत्र नवं होतं तेव्हा तपासणीसाठी डॉक्टरांनी घरात सापडले ते कागद घातले होते. तिसरा कागद म्हणजे मुलीचा दहावीतला निबंध होता.

“शर्वरीचा,” ते म्हणाले.

शर्वरी तासगावकर दोन वर्षांपूर्वी गुवाहाटीत वारली. ताप आला, चौथ्या दिवशी गेली. एकोणतीस वर्षांची होती. शेवटच्या सहा वर्षांत तिनं बापाला पाठवलेले सगळे निरोप एका पानात मावले असते. पोचले. बरी आहे. नको. तेवढ्यावर आणि एका निबंधावर मनमुद्रा उभी राहत नाही, हे डॉक्टरांनी त्या दोन वर्षांत तीनदा करून पाहिलं होतं, कुणाला न सांगता.

आणि सतरा वर्षांची असताना तिची वही त्यांच्या हाती लागली होती. अथांगपूरच्या गोष्टी. घरी पाहुणे बसले होते. डॉक्टरांनी दोन ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि म्हणाले, “बघा आमच्या लेखिका. सगळं उसनं.” पाहुणे हसले. शर्वरीही हसली, वही उचलून आत गेली, आणि त्यानंतर त्या घरात तिनं काही लिहिलेलं कुणी पाहिलं नाही.

“तिच्या स्वतःच्या गोष्टी?” डॉक्टरांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

“त्र्याऐंशी होत्या. चार लाख शब्द.” नजमाबाईंचा आवाज खाली आला. “मंगळवारी गेल्या. नावांची यादी तेवढी आहे.”

“अभिप्रायांवर मन उभं राहील?”

“नऊ हजार आहेत. राहील. पण डॉक्टर, ती फक्त अभिप्रायच देईल.”

त्याचा अर्थ डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कळला. मनमुद्रा उभी राहिली, पडदा उजळला आणि त्यांनी टंकलं, ‘शर्वरी, मी बाबा.’ पडद्यावर त्यांच्याच मौनमर्यादेचे दोन शब्द आले. पुरावा अपुरा.

“तिला तिथे कधी कुणी पत्र लिहिलं नाही,” नजमाबाई म्हणाल्या. “कुणी गोष्ट टाकायची आणि तिनं त्यावर लिहायचं. तिला बोलतं करायचं तर एकच मार्ग आहे.”

“कोणता?”

“अनुकथा लिहा.”

डॉ. तासगावकरांनी आयुष्यात एकही गोष्ट लिहिली नव्हती. सांगितलीही नव्हती. ते दारं लावून बसले आणि दोन दिवसांनी एक पान बाहेर आलं. ‘सदर नगरीच्या उत्तरेकडील दरवाजातून कप्तान यमू यांनी प्रवेश केला. दरवाजाची उंची सव्वातीन मीटर असून...’

नजमाबाईंनी पदर तोंडाला लावला. पण पडदा लगेच उजळला.

‘नवे दिसता! या, बसा. पहिली गोष्ट टाकायला छाती लागते, ती तुम्ही दाखवलीत. यमूला “यांनी” म्हणू नका हो, बिचारी इकडेतिकडे बघेल कोण आलंय म्हणून. दरवाजा छान मोजलात. पण तिला भूक लागलीय का, पाय दुखतायत का, ते एकदाही विचारलं नाहीत. पुढच्या वेळी आधी ते विचारा. पण लिहा हं. थांबू नका. – चिंचगोळी’

डॉक्टरांनी ते सात वेळा वाचलं. “पाय दुखतायत का,” ते स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

पुढचे दोन महिने पंधरावा भाग तसाच पडून राहिला. प्रकाशकांचे फोन नजमाबाई घेत आणि यंत्राला सर्दी झाली आहे असं सांगत. डॉक्टर लिहीत होते. चिंचगोळी वाचत होती.

‘दुसऱ्याची पात्रं घेतली म्हणून माफी कसली मागताय सुरुवातीला? शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही ना? तसंच हे. घेतलीत ना यमू, मग आता तिच्यात तुमच्या घरचं काहीतरी घालून परत द्या.’

‘आपलं चुकतंय असं वाटतंय? म्हणजे चाललंय. ज्यांचं कधीच चुकत नाही ते लिहीत नाहीत, ते तपासत बसतात.’

“हे मला लागलं बाई,” डॉक्टर म्हणाले.

“लागायलाच हवं,” नजमाबाई म्हणाल्या आणि चहाचा कप पुढे सरकवला.

‘कुणी वाचत नाही असं म्हणालात. मी वाचते ना. एक वाचणारं माणूस पुष्कळ असतं. मला तर बरीच वर्षं तेवढंही नव्हतं, तरी लिहिलंच की.’

हा अभिप्राय आला त्या दिवशी डॉक्टर पठारावर दुपारभर उन्हात चालत राहिले. डोक्यावर टोपी नव्हती.

पहिल्या अकरा गोष्टी त्यांनी हात बसावा म्हणून लिहिल्या. खरी लिहायची होती ती बारावी. तिच्यात यमूचे वडील आले. नगरीच्या भिंतीवर पाण्याचा दाब मोजणारे म्हातारे गृहस्थ. आयुष्यभर आकडे बघितले, मुलीकडे बघायचं राहून गेलं. ते यमूच्या दारात येतात आणि म्हणतात, माझं चुकलं. गोष्ट साधी होती, चांगली उतरली होती. वाचताना नजमाबाईंना मधे थांबावं लागलं.

पडद्यावर आलं, ‘पुरावा अपुरा.’

डॉक्टरांनी माफी काढून टाकली. म्हातारा नुसता दारात उभा ठेवला. पुरावा अपुरा. म्हाताऱ्याला सुतार केला, नंतर गवई केला, मग दुसऱ्याच कुठल्या मुलीचा बाप केला. शेवटी त्याला मारूनही पाहिलं, नुसता भिंतीवर फोटो ठेवला. पुरावा अपुरा, पुरावा अपुरा.

नजमाबाईंनी अभिप्रायांसोबत उरलेल्या, कुणी कोणत्या विषयाची गोष्ट वाचली याच्या नोंदी काढल्या.

“बाप असलेल्या दोनशे बारा अनुकथा तिनं उघडल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. अभिप्राय एकीवरही नाही.”

“आवडल्या नसतील.”

“न आवडलेल्या गोष्टींवर ती सगळ्यात लांब लिहायची, डॉक्टर. समजावून, सांभाळून. इथे ती काही बोललीच नाही. कशाला घाबरून विषय बदलतो ती मनमुद्रा, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“तिच्या स्वतःच्या गोष्टींत असेल. त्र्याऐंशींत कुठेतरी बाप असेल.”

नजमाबाईंनी नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. बोटानं दाखवायची गरज पडली नाही. एकसष्टावं नाव होतं, ‘यमूचे बाबा वाचायला बसतात’. त्याच्यापुढे डॉक्टरांच्याच सहीचा ‘गाळ’ हा शेरा होता.

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

“मौनमर्यादा माझ्या हातात आहे,” नजमाबाई हलकेच म्हणाल्या. “एक घर खाली आणते. मग ती बोलेल. बाबा म्हणेल. तुम्हाला हवं ते म्हणेल.”

“कोण म्हणेल, बाई?”

खाली आणलेल्या मर्यादेत यंत्र बोललं असतं, शर्वरी नाही. हे त्या खोलीतल्या दोघांइतकं जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

“राहू दे,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी बारावी गोष्ट पुन्हा पुढे ओढली. पहिल्या ओळीतून म्हाताऱ्याला काढलं. मग दारातून काढलं. त्याची काठी, त्याचा खोकला, दाबमापकावरची त्याची बोटं, एकेक करून काढलं. काही ठिकाणी एवढं एकजीव झालेलं होतं की वाक्यच्या वाक्य मोडावं लागलं. दुपारपर्यंत घरात कुणी उरलं नाही. फुटकी पाणबुडी कशीबशी हाकत यमू घरी येते. दार लोटलेलं असतं, कडी नसते. आत दिवा असतो. ओट्यावर एक ताट असतं, दुसऱ्या ताटानं झाकलेलं. भात अजून कोमट असतो. यमू उभ्यानंच जेवते. गोष्ट संपते.

डॉक्टरांनी पान यंत्रात घातलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. पडदा एवढा वेळ काळा राहिला की नजमाबाई उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

मग अक्षरं आली.

‘अहो, किती छान लिहायला लागलात तुम्ही! वाचता वाचता मलाच भूक लागली. घरात कुणी नाही, तरी एकटं वाटत नाही, हे कसं जमवलंत? ताट कुणी झाकून ठेवलं ते मी विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका. काही गोष्टी सांगितल्या की बिघडतात. पण पुढच्या भागातही यमू घरी आली की ते ताट असू दे. रोज असू दे. लिहाल ना? मी वाट बघते. – चिंचगोळी’

“तिनं ओळखलं असेल का हो?” डॉक्टरांनी विचारलं.

नजमाबाईंना खोटं बोलता आलं असतं. “नाही, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “ओळखलं असतं तर ती गप्प राहिली असती.”

डॉक्टरांनी मान हलवली. मग नवा कागद घेतला, वर तेरा हा आकडा घातला, आणि यमूला आज भूक किती लागली असेल याचा विचार करू लागले.