मालूआजींची एक रिंग

जुन्या फोनची तार कायमची गेली, हे कळलं त्या सकाळी एक यंत्रमानव आजोबांच्या दारासमोरच्या खांबावर चढून ती गुंडाळत होता.

"अरे, ती चालू आहे," आजोबांची नात जुई खालून म्हणाली.

"कालपर्यंत होती," तो म्हणाला. "दरीच्या दोन्ही बाजूंची तांब्याची तार काढली. फोन तोच ठेवा. त्याला हा डबा जोडा."

डबा म्हणजे सेल्युलर अ‍ॅडाप्टर (जुन्या फोनला मोबाइलच्या टॉवरशी जोडणारं यंत्र). आत सिमकार्ड होतं. आजोबांनी फोनची वायर त्यात खोचली आणि रिसीव्हर कानाला लावला. नेहमीचा सूर आला. झालं काम, असं दोघांनाही वाटलं.

त्या संध्याकाळी घंटी वाजली नाही.

ही घंटी मालूआजींची. त्या दरीपलीकडच्या डोंगरावर एकट्या राहत. जुईची आजी शरयू त्यांची बालमैत्रीण. रोज दिवेलागणीला मालूआजी एक रिंग देऊन फोन ठेवायच्या. म्हणजे, मी बरी आहे. मग आजी उलट एक रिंग द्यायची. गेल्या वर्षी आजी गेली. तेव्हापासून उलट रिंग आजोबा देत. आजोबा बोलत मात्र कधीच नसत. घरच्यांशिवाय फोनवर कोणाशी बोलणं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळीही घंटी गप्प. आजोबांनी आपण होऊन एक रिंग दिली, फोन ठेवला आणि बसून राहिले. उत्तर आलं नाही.

"पूर्ण वाजू द्या ना," जुई म्हणाली. "त्या उचलतील."

"आणि नाही उचलला तर?"



सकाळी जुई रोपवेच्या पाळण्यातून दरीपार गेली. मालूआजी अंगणात कुळीथ पाखडत होत्या.

"आलीस? तुझ्या आजोबांना विचार, दोन दिवस एक रिंग द्यायला बोट दुखतं का. मला वाटलं, तेही गेले."

"ते म्हणतात, तुम्हीच दिली नाही."

"मी? अगं, या कानांनी ऐकली. एकदा ट्रिंग झालं, मग ठेवला."

इकडे ट्रिंग झालं आणि तिकडे घंटी वाजलीच नाही. हे कसं? जुईने मोबाइलचा स्पीकर चालू करून आजोबांच्या मोबाइलवर फोन लावला.

"आजोबा, मालूआजी कुळीथ पाखडतायत."

 "पाखडू दे. पाखडू दे," आजोबा म्हणाले.

"तुम्ही जुन्या फोनजवळ बसा. मालूआजी इथून लावतील. ट्रिंग झालं की मी सांगते."

मालूआजींनी आत जाऊन नंबर फिरवला आणि जुईने रिसीव्हरला कान लावला. त्यांची सुकलेली बोटं मोबाइलच्या काचेवर लागत नसत, म्हणून त्यांनीही तसाच डबा जोडून जुनाच फोन ठेवला होता.

"झालं एक," जुई म्हणाली.

"इथे काही नाही," आजोबा म्हणाले.

"दोन."

"नाही."

तिसऱ्याच्या आधी मोबाइलमधून घंटीचा आवाज ऐकू आला.

"असं आहे तर," आजोबा म्हणाले. त्यांनी सगळी नोकरी आवाजाच्या प्रयोगशाळेत काढली होती. "जुई, मालूताईंना कानात ऐकू येणारं ट्रिंग माझ्या घंटीचं नाही. ते त्यांच्याच डब्याचं आहे."

"डबा कशाला ट्रिंग करतो?"

"फोन लावल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर माणसाला वाटतं बिघाड आहे. म्हणून डबा सांगतो, थांबा, शोधतोय. पूर्वी हा आवाज एक्स्चेंजमधून (सगळ्या तारा जोडल्या जातात त्या केंद्रातून) यायचा. पण तिथून घंटीला वीज लगेच मिळायची. आता निरोप डब्यातून टॉवरला जातो. तिथून इंटरनेटवर कॉल जोडणाऱ्या संगणकाकडे. हा नंबर कुठल्या डब्याचा, ते तो शोधतो. मग इकडचा टॉवर, मग माझा डबा, मग घंटी. याला काही सेकंद लागतात. त्याआधी फोन ठेवला, की निरोप वाटेतूनच परत."

"म्हणजे तुमचीही रिंग अशीच वाटेतून परत गेली."

"हो. दोघंही रिंग देत होतो आणि दोघंही रुसलो होतो."

"मी नव्हते रुसले," मालूआजी म्हणाल्या. "आणि माझा आवाज तरी पोचतो का तिकडे?"

"आवाजाने वायरीत विजेची लाट उठते. अशा सलग लाटेला अ‍ॅनालॉग म्हणतात. डबा ती लाट सेकंदाला हजारो वेळा मोजतो. त्या आकड्यांच्या लहान पुड्या बांधतो (त्यांना पॅकेट म्हणतात) आणि पाठवतो. माझा डबा पुड्या सोडून आकड्यांवरून पुन्हा तशीच लाट उभी करतो."

"खोकलासुद्धा?"

"खोकलासुद्धा."

"मग तीन रिंग होईपर्यंत थांबायचं," जुईने सुचवलं.

"तीन रिंग वाजवायच्या तर उचलाच की, भावोजी. तेवढ्यात शरयूचं अर्धं बोलणं व्हायचं."

संध्याकाळी घंटी वाजली. आजोबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. ती पुन्हा वाजली. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"बोला, मालूताई."

 पलीकडून प्रश्न आला, "जेवायला काय केलंत?"

"आमटी. तिच्यासारखी होत नाही."

"आमसूल किती घालता?"

आमसुलावरून बोलणं बराच वेळ चाललं. जुई तोवर डब्याकडे पाहत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "वीज गेली की हा बंद पडणार?"

"हो. जुन्या फोनला लागणारी वीज तारेतूनच यायची. याला घरची वीज लागते."

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून आजोबांच्या डब्याला सौरबॅटरी बसवली. दुपारी घरातली वीज मुद्दाम बंद करून पाहिली. डब्यावरचा दिवा लागलेलाच राहिला. अशी बॅटरी दरीतल्या प्रत्येक जुन्या फोनला बसवायची, असं जुईने ठरवलं आहे.

मालूआजींच्या डब्याला ती अजून बसलेली नाही; तिकडची वीज गेली, तर संध्याकाळची घंटी पुन्हा गप्प राहील.